ठराव करून ट्रस्ट एक होत नाहीत

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी सभामंडपात दोन्ही ट्रस्टचे विश्वस्त बसले. सगळ्यांनी हात वर केले, मी इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहिला आणि सुंठवडा वाटून आम्ही घरी गेलो. राममंदिर आणि त्याच्या मागची धर्मशाळा आजपासून एक, असं धरूनच चाललो होतो. खरोखर एक व्हायला त्यानंतर पावणेदोन वर्षं लागली, आणि त्यातले पहिले सहा महिने आमच्याच चुका निस्तरण्यात गेले.

मी मंदिर ट्रस्टची चिटणीस. ३२ वर्षं शाळेत गणित शिकवलं. कोर्टकचेरीशी कधी संबंध आला नव्हता. आमचं गाव भोर तालुक्यात, नीरेच्या खोऱ्यात. आता आसपासच्या गावांतून विचारणा होते, ‘बाई, आमच्याकडेही दोन ट्रस्ट आहेत, एक करायचेत, काय करावं लागतं?’ प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. वकील तुम्हाला लागेलच. पण वकिलाकडे जाण्याआधी आपल्या हातात काय असायला हवं आणि आपण काय करून बसायचं नाही, हे कळलं तर निम्मा वेळ वाचतो.

एक करण्याचा अधिकार कोणाचा

विश्वस्तांचा नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये (पूर्वी याच्या नावात ‘मुंबई’ होतं) कलम ५०अ आहे. त्याच्या पोटकलम (२) प्रमाणे, कारभार नीट चालण्याच्या दृष्टीने दोन किंवा अधिक ट्रस्ट एकत्र करणं योग्य आहे असं धर्मादाय आयुक्तांचं मत झालं, तर ते सगळ्यांसाठी एकच स्कीम तयार करून देतात. स्कीम म्हणजे ट्रस्टची घटना: विश्वस्त किती, निवडायचे कसे, पैसा कशावर खर्च करायचा. सह धर्मादाय आयुक्तांपुढेही ही कामं चालतात. आपला ठराव म्हणजे आपली इच्छा, एवढंच. तो अर्जाला जोडायचा कागद आहे, हुकूम नव्हे.

मग न्यायालय कुठे येतं? तीन ठिकाणी. आयुक्तांचा निर्णय मान्य नसेल तर कलम ७२ खाली ६० दिवसांत न्यायालयात अर्ज करता येतो. न्यायालय म्हणजे आपल्याकडे जिल्हा न्यायालय, बृहन्मुंबईत नगर दिवाणी न्यायालय, आणि त्यापुढे हायकोर्ट. दुसरं, कलम ५० चा दावा: ट्रस्टमध्ये हितसंबंध असलेल्या दोन किंवा जास्त माणसांना आयुक्तांची लेखी संमती घेऊन न्यायालयातूनही स्कीम मागता येते. तिसरं, ट्रस्टचा मूळ हेतूच पार पडेनासा झाला असेल तर कलम ५५ आणि ५६. त्यावर पुढे लिहिते, कारण आमच्या धर्मशाळेचं दुखणं त्याच्या अगदी काठावर होतं.

गावातल्या एकांनी सुचवलं होतं, ‘साध्या दिवाणी कोर्टात दावा लावू, दोन्ही बाजू कबूल होतील, हुकूमनामा मिळेल.’ असं होत नाही. जे प्रश्न या कायद्याने धर्मादाय अधिकाऱ्यांकडे दिलेत, त्यात कलम ८० मुळे दिवाणी न्यायालयाला हात घालता येत नाही. कबुलीने तर नाहीच, कारण कबूल होणारे आपण मालक नव्हेत.

हे सगळं नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टपुरतं. शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर या देवस्थानांना स्वतंत्र कायदे आहेत. वक्फ संस्थांचं वक्फ मंडळाकडे चालतं. घरच्या खासगी ट्रस्टचा कायदा १८८२ चा, तो वेगळाच.

आधी ट्रंक उघडा

धर्मशाळेची ट्रंक आबांच्या माळ्यावर होती. आबा धर्मशाळेचे विश्वस्त, वय ८४. त्यांच्या सुनेने ती खाली काढून दिली. वर चादरी, त्याखाली एक पितळी पातेलं, आणि तळाशी मेणकापडात गुंडाळलेला भोर संस्थानच्या काळातला १९३८ चा मूळ दस्त. घडीच्या जागी कागद फाटलेला, शाई विटकरी झालेली. एका व्यापाऱ्याच्या विधवेने चार खोल्या, एक विहीर आणि पावणेदोन एकर जमीन दिली होती. कशासाठी, तर वरंध घाट चढून पंढरपूरला पायी जाणाऱ्या कोकणातल्या वारकऱ्यांना मुक्काम आणि एक वेळचा शिधा मिळावा म्हणून. पातेल्याच्या काठावरही तेच कोरलेलं होतं, बाईंच्या नावासकट. मी ते नाव दोनदा वाचलं. इतकी वर्षं त्या धर्मशाळेसमोरून शाळेत गेले, आणि ती कोणी बांधली हे मला ठाऊक नव्हतं.

असा दस्त सापडेल त्या दिवशीच त्याचे फोटो काढा, टंकलिखित प्रत करून घ्या आणि मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. अर्जाचा पाया हाच. दस्त मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, त्यात वेळ जातो.

त्यानंतर धर्मादाय कार्यालयातून दोन्ही ट्रस्टच्या नोंदवहीचा, म्हणजे पी.टी.आर. किंवा शेड्यूल वनचा, ताजा प्रमाणित उतारा काढा. जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. आमच्याकडे उतारा आला तेव्हा कळलं की धर्मशाळेच्या पाच विश्वस्तांपैकी तिघे वारलेले, आणि कागदावर अजून पाचही जण कारभार पाहताहेत. एकाला जाऊन १९ वर्षं झाली होती. त्यांच्या जागी जे दोघे प्रत्यक्ष काम करत होते त्यांची नोंदच नव्हती. रामनवमीच्या ठरावावर त्या दोघांच्या सह्या होत्या. म्हणजे तो ठराव धर्मशाळेच्या बाजूने लंगडा.

विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, मालमत्तेत फरक पडला, की कलम २२ खाली ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आमचा उशीर वर्षांत मोजण्यासारखा होता, म्हणून सोबत उशीर माफीचा अर्ज, मृत्यूचे दाखले, निवडीच्या सभेचं इतिवृत्त आणि प्रतिज्ञापत्रं. हे मंजूर झाल्यावर आम्ही पुन्हा सभा घेतल्या, आणि या खेपेला दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या वह्यांत. एकाच बैठकीत दोन ट्रस्टचा एक ठराव लिहू नका. धर्मशाळेच्या विश्वस्तांनी धर्मशाळेच्या भल्याचा विचार करून ठरवलं, हे दिसलं पाहिजे. माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा हीच. कागद आधी स्वच्छ करा, मग अर्ज टाका.

हिशेबही याच वेळी पुरे करा. सगळ्या मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल दाखल झालेत का, ते कार्यालयातच बघून घ्या. आपल्या कपाटात पोच आहे म्हणजे तिकडे कागद आहे, असं नसतं.

हुकमाआधी पैसा हलवू नका

ही आमची मोठी चूक, आणि ती मी केली. ठरावानंतर महिनाभरात धर्मशाळेची १,८०,००० रुपयांची मुदत ठेव पिकली. एक होणारच आहोत, मग नवीन ठेव मंदिराच्या नावाने का नको, असं मला सरळ वाटलं आणि मी ती मंदिराच्या खात्यात वळवली. हिशेब माझ्याकडे पै-पैचा होता. पण आमच्या सीएंनी वही पाहिली आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘बाई, हे एका ट्रस्टचे पैसे दुसऱ्या ट्रस्टने वापरले असं दिसतं. आज दोन्ही वेगळेच आहेत.’ मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी व्याजासकट रक्कम परत फिरवली, दोन्ही वह्यांत खुलाशाची नोंद केली, लेखापरीक्षणात ती आली आणि पुढे सुनावणीतही मला त्यावर उत्तर द्यावं लागलं. मी जे घडलं ते तसंच सांगितलं. लपवलं असतं तर अर्जच संशयात गेला असता.

जमिनीचं तर याहून कडक. ‘एका ट्रस्टची जमीन दुसऱ्याला बक्षीसपत्राने देऊन टाकू, मग पहिला आपोआप संपेल’ असा सल्ला देणारे भेटतात. ट्रस्टच्या स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल, बक्षीस, तसंच शेतजमिनीचा १० वर्षांहून किंवा बिगरशेती जमिनीचा आणि इमारतीचा ३ वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा, यांना कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते. घेणारा ट्रस्ट आहे म्हणून सूट नाही.

अर्जात काय लिहायचं

आमच्या पहिल्या मसुद्यात एकच वाक्य घोळून घोळून आलं होतं: धर्मशाळेकडे पैसा नाही आणि मंदिराकडे आहे. वकीलबाईंनी तो बाजूला ठेवला. त्यांनी विचारलं, ‘एकत्र झाल्याने त्या बाईंच्या हेतूचं काय भलं होणार ते सांगा. आणि रामाला काय मिळणार तेही.’ मग आम्ही बसून लिहून काढलं. धर्मशाळेचं छप्पर गळतं, दुरुस्तीला तिच्या उत्पन्नात १० वर्षं लागतील. मंदिराच्या उत्सवाला येणाऱ्या भजनी मंडळांना उतरायला जागा नाही. विहीर दोघांची एकच वापरात आहे. दोन लेखापरीक्षणं, दोन खाती, दोन वह्या, आणि कामाला माणसं तीच पाच. वारकरी आता बरेचसे टेम्पोने आणि एसटीने जातात, तरी दरसाल दोन-तीन पायी दिंड्या येतातच.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा ठरला. दिंड्या यायच्या पूर्ण थांबल्या असत्या तर मूळ हेतूच निष्फळ झाला असं म्हणावं लागलं असतं, आणि मग कलम ५५ प्रमाणे आयुक्त विश्वस्तांना न्यायालयाकडून निर्देश घ्यायला सांगतात. न्यायालय चौकशी करून, मूळ हेतू अमलात आणता येत नसेल तर पैसा दुसऱ्या कोणत्या धर्मादाय कामाकडे वळवायचा ते कलम ५६ खाली ठरवतं. तो रस्ता वेगळा आहे आणि एकत्रीकरणाच्या अर्जात तो गुंडाळता येत नाही. वकीलबाईंनी इथे १९५४ च्या रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचा दाखला दिला. याच कायद्यावरचा निकाल तो. धार्मिक संस्थेचा मूळ हेतू पार पाडता येत असताना तिचा पैसा दुसरीकडे वळवणं म्हणजे धर्मस्वातंत्र्यात गैरवाजवी ढवळाढवळ, असं म्हणून कोर्टाने कलम ५५ आणि ५६ मधला तेवढा भाग रद्द केला. मला हे वाचून बरं वाटलं. इतक्या वर्षांपूर्वी गेलेल्या बाईंच्या शब्दाला सुप्रीम कोर्ट मान देतं, तर आपणही द्यायला हवा.

अर्जासोबत स्कीमचा मसुदा आपणच द्या. त्यात नाव, दोन्ही ट्रस्टचे उद्देश जसेच्या तसे, विश्वस्तांची संख्या, निवड, मुदत, बँक खात्यावर सह्या कोणाच्या, पुजाऱ्यांचे आणि नोकरांचे चालत आलेले हक्क, जुनी देणी कोणी फेडायची. आणि एक कलम मी आग्रहाने घाला म्हणेन: ज्या मालमत्तेला दात्याने विशिष्ट काम लावून दिलंय, तिचं उत्पन्न वेगळ्या सदरात ठेवून त्याच कामावर खर्च करायचं. आमच्या वहीत आज ‘वारकरी निवास व शिधा’ असं स्वतंत्र पान आहे आणि पावणेदोन एकरांचा खंड तिथेच जमा होतो.

नोटीस आणि सुनावणी

कायद्याप्रमाणे राजपत्रात नोटीस द्यावी लागते, आणि आयुक्तांना गरज वाटली तर त्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रातही. विश्वस्तांना आणि हितसंबंध असणाऱ्या सगळ्यांना म्हणणं मांडायची संधी मिळते. आम्ही याशिवाय मंदिराच्या आणि धर्मशाळेच्या दारावर नोटीस लावली, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली आणि फोटो काढून ठेवले. राजपत्र गावात कोण वाचतं?

दारावरची नोटीस वाचूनच एक हरकत आली. पोलादपूरकडचे एक वृद्ध विणेकरी, दिंडीबरोबर ४० वर्षं आमच्या धर्मशाळेत उतरलेले. सुनावणीला ते एसटीने आले, खांद्यावर पिशवी, कपाळावर गोपीचंदनाचा टिळा. आमच्या काही मंडळींना राग आला की बाहेरगावच्या माणसाचा संबंध काय. पण ज्यांच्यासाठी धर्मशाळा बांधली तेच हे. त्यांचा हितसंबंध आमच्यापेक्षा जास्त. ते उभे राहून एवढंच म्हणाले की खोल्यांत मंदिराचं ऑफिस आणि खुर्च्या येतील, मग आम्ही पावसात टेकायचं कुठे?

मी वकीलबाईंच्या कानात सांगितलं आणि आम्ही तिथल्या तिथे लेखी दिलं: दरवर्षी ज्येष्ठ वद्य प्रतिपदेपासून आषाढी पौर्णिमेपर्यंत चारही खोल्या पायी वारकऱ्यांसाठी मोकळ्या ठेवू, आणि एरवीही दोन खोल्यांना कुलूप नसेल. हे स्कीममध्ये कलम म्हणून आलं. विणेकरी बाबांनी हरकत मागे घेतली. तुमच्याकडे हरकत आली तर आधी ती नीट ऐका. बहुतेक हरकतींच्या पोटात स्कीममध्ये राहून गेलेलं एखादं कलम असतं.

पुराव्यात माझं आणि आबांचं प्रतिज्ञापत्र झालं. उलटतपासणीत आठवत नाही ते आठवत नाही म्हणावं. दरवेळी तारखेला मूळ वह्या बरोबर न्या. आम्ही एकदा नेल्या नाहीत आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळाली.

संस्था सोसायटी म्हणूनही नोंदलेली असेल तर

पी.टी.आर. क्रमांकापुढे ‘एफ’ असेल तर ती १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असते: वाचनालयं, शिक्षण संस्था, मंडळं. त्यांना एकत्र होण्यासाठी कलम १२ आहे. १० दिवस आधी सभासदांना लेखी प्रस्ताव, विशेष सभेत तीन पंचमांश मतं, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन पंचमांश मतांनी दुजोरा. ही दुसरी सभा अनेक जण विसरतात. मग ट्रस्टच्या नोंदवहीत बदल होण्यासाठी धर्मादाय कार्यालय आहेच.

एकाचे दोन करताना

दोन गटांचं पटत नाही, म्हणून शाळा तुमच्याकडे आणि वसतिगृह आमच्याकडे, असं वाटणीपत्र करून मोकळं व्हावं असं बऱ्याच संस्थांना वाटतं. घरची वाटणी करतात तशी ट्रस्टची करता येत नाही. विश्वस्त हे सहहिस्सेदार नव्हेत. नवा ट्रस्ट काढून त्याला जमीन द्यायची म्हटलं की पुन्हा कलम ३६ समोर येतं. धर्मादाय आयुक्तांपुढे जायचंच असेल, तर भांडण बाजूला ठेवून कोणती मालमत्ता कोणत्या दात्याने कोणत्या कामासाठी दिली याची यादी आधी करा. कारभाराच्या हिताची गोष्ट त्या यादीतून दाखवता आली तरच काही हाती लागतं. विश्वस्तांचं वैर हे कारण पुरत नाही. त्यावर नीट निवडणूक घेणं आणि घटनेत दुरुस्ती करून घेणं हे जास्त साधं औषध आहे.

हुकूम झाल्यावर

त्याच दिवशी प्रमाणित नकलेचा अर्ज टाका. कलम ७२ चे ६० दिवस चालू असतात, ते संपेपर्यंत मोठा व्यवहार करू नका. कोणी न्यायालयात गेलं तर स्कीम त्या निकालाच्या अधीन राहते. नाही गेलं तर ती न्यायालयाच्या हुकूमनाम्याने ठरलेल्या स्कीमसारखीच लागू असते.

मग नोंदवहीत बदल, सातबारा आणि मिळकत पत्रिकेवर फेरफार, वीज मीटर, बँक. आयकराचं मात्र हुकमानंतर नव्हे, अर्ज करायच्या आधीच सीएंना विचारा. ट्रस्टला आयकराची नोंदणी असेल आणि तो नोंदणी नसलेल्या किंवा वेगळ्याच उद्देशांच्या संस्थेत विलीन झाला, तर साठलेल्या निव्वळ मालमत्तेवर कमाल दराने कर बसू शकतो. ही तरतूद २०१६ साली जुन्या आयकर कायद्यात कलम ११५टीडी म्हणून आली. आमच्या दोन्ही ट्रस्टची नोंदणी होती आणि उद्देश जुळणारे होते, म्हणून सुटलो. देणगीदारांच्या करसवलतीच्या पावत्या (जुन्या कायद्यातल्या ८०जी) कोणत्या नावाने द्यायच्या तेही तेव्हाच ठरवून घ्या, आणि जुनी पावती पुस्तकं रेघ मारून बंद करा.

आमचा फेरफार मंजूर झाला तो वैशाखात. छपराचे पत्रे ज्येष्ठात चढले. दिंडी आली त्या संध्याकाळी आबांनी ट्रंकेतलं ते पातेलं चिंचेने घासून आणलं, आणि शिध्याचा भात त्यातच केला.